मायामीतला १२९ टनांचा डबा

मायामी, फ्लोरिडा

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

अमेरिकेचे युद्धकाळातले अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या चिलखती रेल्वे डब्याबद्दल तुम्ही विचारलंत ते नेमकं: एवढं पोलाद चढवल्यावर ॲक्सलचं काय होतं? उभी हयात रेल्वेच्या सी अँड डब्ल्यूमध्ये (डबे-वॅगन दुरुस्तीच्या खात्यात) काढलेला माणूसच हे आधी विचारणार. तो डबा इथल्या गोल्ड कोस्ट रेल्वे संग्रहालयात आहे आणि आत शिरून बघता येतो. म्हणून आधी वजनाचंच लिहितो.

डब्याचं नाव 'फर्डिनांड मॅगेलन'. मूळचा १९२९चा, पुलमन कंपनीचा खासगी सलून, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेला डबा. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर तो पुन्हा कारखान्यात गेला आणि डिसेंबर १९४२ मध्ये बाहेर आला, तेव्हा बाजू, छत, तळ आणि दोन्ही टोकं, सगळीकडे पाच अष्टमांश इंची निकेल-पोलादाचा पत्रा बसला होता, म्हणजे जवळजवळ १६ मिलिमीटर. असा एक चौरस मीटर पत्रा सुमारे १२५ किलो भरतो. खिडक्यांची काच तीन इंच जाड, थरावर थर चिकटवलेली. क्षेत्रफळाच्या हिशेबात ती पत्र्याहूनही जड.

एकूण वजन २,८५,००० पौंड, म्हणजे १२९ टन. आपला आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्यातला) प्रवासी डबा ४०-५० टनांचा. बोग्या (डब्याखालचे चाकांचे सांगाडे) तीन-तीन ॲक्सलच्या असल्यामुळे भार सहा ॲक्सलवर वाटला जातो, तरी एकेकाच्या वाट्याला साडेएकवीस टन येतात. आपल्या भरलेल्या मालवाहू बॉक्स वॅगनचा मूळचा ॲक्सल-भार २०.३२ टन! इथले मुख्य मार्ग त्याहून जड वाफेची इंजिनं पेलत होते, त्यामुळे तिथे रुळाची काळजी नव्हती. काळजी शाखामार्गांची आणि जुन्या पुलांची. भार वाढला की बेअरिंग तापणार, ब्रेक लावल्यावर गाडी जास्त अंतर जाऊन थांबणार, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

पण मला सर्वांत विचारपूर्वक केलेल्या वाटल्या त्या दोन सुटकेच्या खिडक्या. एक मागच्या बैठकीच्या छतात, दुसरी अध्यक्षांच्या न्हाणीघरात, शॉवरच्या बाजूच्या भिंतीत. डबा कुशीवर पडला तर टोकाची जड दारं वाकून अडकणार, आणि ज्या अंगावर पडला तिकडच्या खिडक्या जमिनीला टेकणार. चिलखती डब्यात काच फोडून बाहेर पडायची सोयच नसते. त्यात रूझवेल्टना पोलिओमुळे चालता येत नव्हतं. त्यांना उचलून बाहेर काढावं लागलं असतं. मागच्या उघड्या व्हरांड्यावर त्यांच्या चाकाच्या खुर्चीसाठी लिफ्टही बसवली होती.

बंद डब्यात हवेची पंचाईत होतेच. त्यावर उपाय बर्फाचा: बर्फगार पाणी पंपाने नळ्यांच्या जाळीतून फिरवायचं आणि पंख्याने त्यावरून हवा सोडायची. यंत्र साधं, बिघडायला फारसं काही नाही. मात्र बर्फ संपला की गारवा संपला, म्हणून वाटेत बर्फ भरून घ्यावाच लागे.

बाहेरून बघाल तर बाजूला फक्त 'पुलमन' एवढंच लिहिलंय, डब्याचं नाव नाही. माझ्या मते खरं संरक्षण इथून सुरू होतं. अध्यक्षांच्या गाडीपुढे रूळ तपासत एक पायलट गाडी धावायची, वाटेतले पॉइंट (रूळ बदलण्याचे सांधे) खिळे मारून पक्के केले जायचे. रूझवेल्टना ताशी ३५ मैलांच्या आसपासचा वेग आवडे, कारण हिसका बसला की पाय रोवून तोल सावरणं त्यांना शक्य नव्हतं. एवढ्या सावकाश गाडीसाठी वाटेतलं सगळं वेळापत्रक हलवायचं, ते लांबच लांब मार्गावर आणि शक्य तितकं गुपचूप, हे कंट्रोलवाल्यांचं, म्हणजे गाड्यांची वाहतूक सांभाळणाऱ्यांचं, केवढं काम असेल! जानेवारी १९४३ मध्ये रूझवेल्ट मोरोक्कोतल्या कासाब्लांकाच्या परिषदेला निघाले तेव्हा ते वॉशिंग्टनहून इथे मायामीपर्यंत रेल्वेनेच आले आणि इथून विमानात बसले.

स्टालिनचं याहून टोकाचं. त्याचा हिरवा डबा जॉर्जियात गोरीच्या संग्रहालयात आहे, ८३ टनांचा, म्हणजे मॅगेलनपेक्षा बराच हलका. पण १९४५ साली जर्मनीत पोट्सडॅमच्या परिषदेला जाताना १,९२३ किलोमीटरच्या मार्गावर १७ हजारांवर सैनिक उभे केले होते, किलोमीटरमागे ६ ते १५ माणसं, शिवाय गस्तीला आठ चिलखती आगगाड्या. त्याचा गुप्त पोलीसप्रमुख बेरिया याने २ जुलैच्या टिपणात हा हिशेब दिलाय. हिटलरच्या गाडीला दोन्ही टोकांना विमानविरोधी तोफांचे डबे असत. तरी पोलंडमध्ये स्टेंपिना इथे अख्खी गाडी आत मावेल असा काँक्रीटचा बोगदा बांधावा लागला, कारण नेम धरून पडलेल्या बॉम्बपुढे तोफेचा डबा काय करणार? ऑगस्ट १९४१ मध्ये मुसोलिनी त्या भागात आला होता तेव्हा त्या जागेचा उपयोग झाला.

१६ मिलिमीटरचा पत्रा मार्गाकडेच्या बंदुकीसाठी आणि स्फोटाच्या तुकड्यांसाठी. तुटलेल्या रुळापुढे तो कामाचा नाही, उलट डबा घसरला तर त्याच्या वजनामुळे उचलायला जडच.

आता तुम्ही मला सांगा: भुसावळला व्हीआयपी स्पेशल निघायची तेव्हा फेसिंग पॉइंट (येणारी गाडी जिथे दुसऱ्या रुळावर वळू शकते ते सांधे) क्लॅम्प करून कुलूप लावायचे, ते गाडी येण्याच्या किती आधी? आणि किल्ली कोणाकडे राहायची, स्टेशन मास्तरकडे की पॉइंट्समनकडे? पुढच्या पत्रात सविस्तर लिहा.

काकूंना सा. न., चिंगीला आशीर्वाद.

आपला,
सुहास