1,86,000 किलोमीटर चाललेली गाडी घ्यायला सांगणाऱ्या मिस्त्रीमामांस

प्रति,
मिस्त्रीमामा,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर.

सादर नमस्कार, वि. वि.

गेल्या महिन्यात गगनबावड्याहून परत येताना, कळे गाव मागे टाकल्यावर, माझ्या मारुती जिप्सीच्या मीटरवर 2,60,000 किलोमीटरचा आकडा लागला. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन दोन मिनिटे थांबले, आणि मनात आले की या आकड्यातले माझे जे 74,000 किलोमीटर आहेत त्यांबद्दल तुमचे आभार मी आजवर नीट मानलेलेच नाहीत. समोर बोलायला लागले की तुम्ही 'असू दे, असू दे' म्हणत दुसऱ्या गाडीखाली जाता. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि ते सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण पहिली गाडी म्हणून जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी) घेऊ पाहणाऱ्या माणसाला तुमच्यासारखा सल्ला मिळणे किती मोलाचे असते, हे इतरांनाही कळावे अशी माझी इच्छा आहे.

शिरवळहून पशुवैद्यकीय पदवी घेऊन मी कोल्हापुरात व्यवसाय सुरू केला तेव्हा माझ्याकडे फक्त एक स्कूटर होती. गगनबावडा आणि शाहूवाडी तालुक्यांतल्या धनगरवाड्यांवर पावसाळ्यात तिचा काही उपयोग होत नसे. डांबर संपते तिथे ती लावून, औषधांची पेटी डोक्यावर घेऊन मी तास-दीड तास चालत जायची, आणि काही वेळा पोहोचेपर्यंत जनावर हाती लागत नसे. म्हणून 2020 च्या जानेवारीत साठवलेले तीन लाख रुपये घेऊन मी गाडी शोधू लागले. चारचाकी मी कधी घेतली नव्हती, फोर बाय फोर म्हणजे नक्की काय हेही मला माहीत नव्हते. मला एवढेच ठाऊक होते की जिप्सीचे उत्पादन बंद झाले आहे, आणि सैन्यात ती वर्षानुवर्षे वापरात असल्यामुळे सुटे भाग अजून मिळतात.

पहिली गाडी मी तुम्हाला दाखवली ती मला अतिशय आवडली होती. मीटर 62,000 वर, रंग नवा, सीटची कव्हरे नवी, किंमत दोन लाख नव्वद हजार. तुम्ही तिचे बॉनेट उघडलेच नाही. आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला, आणि एरवी आत गुंडाळलेला असतो त्या भागावरची मातकट रेघ मला दाखवली. मग सीटचे गंजलेले बोल्ट दाखवले, गालिचा उचलून कोपऱ्यातली वाळलेली गाळाची पूड बोटावर घेतलीत. 2019 च्या ऑगस्टमधला पंचगंगेचा महापूर होऊन तेव्हा पाचच महिने झाले होते. 'ताई, ही पाण्यात हुती. रंग काल मारलाय,' एवढेच तुम्ही म्हणालात. ती गाडी मी घेतली असती तर वायरिंग, स्टार्टर, बेअरिंग, ब्रेक यांच्यासाठी दोन वर्षे तुमच्याच दारात उभी राहिले असते, आणि ते काम तुम्हालाच मिळाले असते. तुम्ही ते नाकारलेत. माझ्या कृतज्ञतेचे मूळ तिथे आहे.

त्यानंतर पन्हाळा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची 2009 सालची जिप्सी पुढे आली. मीटरवर 1,86,000 होते, रंग उडालेला, डावीकडचा दरवाजा पोचलेला. आकडा ऐकूनच मी नको म्हणाले होते. तुम्ही मात्र त्या गृहस्थांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतली बिले एकेक करून वाचलीत आणि मला म्हणालात, 'आकड्याला भिऊ नगा, हिशेब हाय का न्हाई ते बगा.' टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) कधी बदलला, क्लच प्लेट कधी टाकली, गिअर ऑइल किती वेळा काढले, हे सगळे तारखेनिशी त्या पिशवीत होते. ज्या बेल्टची नोंद नाही तो बदललेलाच नाही असे धरून चालावे, आणि नुसती उभी राहिलेली कमी किलोमीटरची गाडी पुष्कळदा जास्त त्रास देते कारण तिची ऑइल सीले (ऑइल आत रोखून धरणाऱ्या रबरी कड्या) वाळून कडक होतात, हे मी त्या दिवशी शिकले.

तुम्ही ती गाडी कशी तपासलीत ते मी जवळून पाहिले. येण्याआधी इंजिन चालू करू नका असे मालकांना फोनवर बजावले होते, आणि पोहोचताच बॉनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री केलीत. खाली झोपून चॅसिसवर (गाडीच्या तळाच्या लोखंडी चौकटीवर) छोट्या हातोडीने ठोकत गेलात. जिथे आवाज बद्द आला तिथे गंज किती खोल आहे ते स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिलेत. या गाडीला पुढे-मागे चारही चाकांना स्प्रिंगचे पाटे असल्यामुळे पाट्यांची कमान, मुख्य पाट्याला चीर आहे का आणि शॅकलचे (पाटा चॅसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश किती खाल्ले आहेत, हे पाहिलेत. मग मला शेजारी बसवून ज्योतिबाच्या डोंगरावरून तिसऱ्या गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून खाली उतरलात, आणि पायथ्याला ॲक्सिलरेटर देताना आरशात मागे पाहायला सांगितलेत. निळा धूर आला असता तर व्हॉल्व्ह सीलातून ऑइल जळते आहे असे समजायचे होते. तो आला नाही. शेवटी एका नांगरलेल्या शेताच्या कडेला फोर एच (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगासाठी) आणि फोर एल (चारही चाकांना ताकद, कमी वेग पण जास्त जोर) दोन्ही टाकून पाहिलेत. कित्येक गाड्यांचा तो फोर बाय फोरचा दांडा वर्षानुवर्षे कुणी हलवलेलाच नसतो आणि घेणारा माणूसही तो हलवून पाहत नाही, हे तुमचे म्हणणे पुढे इतरांच्या गाड्या पाहताना मला पटले. गाडी दोन लाख तीस हजारांना ठरली. उरलेल्या सत्तर हजारांना हात लावू नका, ते गाडीचेच आहेत, असे तुम्ही सांगितलेत. पहिल्या चार महिन्यांत त्यातले बेचाळीस हजार बेल्ट, ब्रेक, टायर आणि सगळी ऑइले यांवर खर्च झाले.

घेतल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी फोर एच टाकून शहरातून गाडी फिरवली होती, आणि वळताना ती अडखळते म्हणून घाबरून तुमच्याकडे आले होते. तुम्ही रागावला नाहीत. खडूने जमिनीवर वळण काढून दाखवलेत की वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा फेर घेतात, आणि या गाडीला मध्ये डिफरन्शिअल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी रचना) नसल्याने फोर एचमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. चिखलात चाक थोडे घसरून तो फरक भरून काढते. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, म्हणून सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर) आणि शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) येतो. तेव्हापासून कोरड्या रस्त्यावर मी त्या दांड्याला हात लावत नाही, आणि उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा मातीच्या वाटेवर किलोमीटरभर फोर एचमध्ये चालवून आतले ऑइल फिरवून घेते.

2021 च्या जून महिन्यातली एक रात्र मात्र मला सविस्तर लिहायलाच हवी. एका धनगरवाड्यावर म्हैस अडली होती. वाटेत ओढा होता. बाळिंग्याच्या पुढे मुसळधार पाऊस सुरू झाला तेव्हा मी तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही सांगितलेत की चाके रुतून गाडी थांबल्यावर फोर एच टाकण्यात अर्थ नाही, चिखल दिसतानाच टाका. फोर एलसाठी मात्र गाडी पूर्ण थांबवा, क्लच पूर्ण दाबा, आणि पाण्यात शिरल्यावर गिअर बदलू नका. मी तसेच केले. म्हैस वाचली, रेडकूही वाचले. दुसऱ्या दिवशी मी आनंदाने तुम्हाला ते सांगायला आले, तेव्हा तुम्ही आधी विचारलेत, 'पाण्यात घालायच्या आदी जरा थांबला हुता का?' मी थांबले नव्हते. तुम्ही मागच्या हौसिंगचा (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या लोखंडी कवचाचा) ड्रेन प्लग काढलात आणि त्यातून दुधाच्या चहासारखे ऑइल बाहेर आले. चाळीस किलोमीटर धावून तापलेले हौसिंग एकदम थंड पाण्यात गेले, आतली हवा आकसली आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या छिद्रातून) पाणी आत ओढले गेले. ते ऑइल तसेच राहिले असते तर थोड्याच दिवसांत क्राउन-पिनियन (आतले मुख्य गिअर) आणि बेअरिंगे गेली असती. तुम्ही ऑइल बदललेत, आणि ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर बॉडीपर्यंत नेऊन बांधलीत. त्या नळीचे पैसे तुम्ही आजवर घेतलेले नाहीत.

त्याच्या पुढच्या वर्षी खड्ड्यातून गेल्यावर ताशी साठच्या वेगात स्टिअरिंग भयंकर थरथरू लागले. एका दुसऱ्या गॅरेजमध्ये स्टिअरिंग बॉक्सच बदला असे सांगून पंचवीस हजारांचा अंदाज दिला गेला. तुम्ही पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलेत आणि किंगपिनची (पुढचे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळते त्या खिळीची) बेअरिंगे सैल झाल्याचे मला माझ्या हाताने अनुभवायला दिलेत. बेअरिंगे आणि सीले बदललीत, शिम (पातळ चकत्या) घालून नकल (चाकाला वळवणारा सांधा) किती जोर लावल्यावर फिरतो ते स्प्रिंगकाट्याने मोजलेत, चाकांचे बॅलन्सिंग करून आणायला सांगितलेत. शॅकलची खाल्लेली पिन तर शेजारच्या लेथवर नवी करून घेतलीत. सगळे मिळून साडेसहा हजार झाले. काय बदलायचे नाही हे सांगणारा मिस्त्री मिळावा लागतो, मामा.

2024 मध्ये गाडीला पंधरा वर्षे झाली तेव्हा एमएच 09 च्या पुनर्नोंदणीसाठी 5,000 रुपयांचे शुल्क आणि हरित कर भरण्याआधी तळाचा गंज काढून पत्रा लावून दिलात, ब्रेक आणि दिवे तपासलेत. गाडी पाच वर्षांसाठी पास झाली. धनगरवाड्यावरची मंडळी आता इंजिनाच्या आवाजावरून ओळखतात आणि मी पोहोचण्याआधीच चुलीवर पाणी ठेवतात.

तुम्ही पहिल्या दिवशी हातात दिलेली शंभर पानी वही भरत आली आहे. प्रत्येक ऑइलची तारीख, प्रत्येक ग्रीसिंग, पाण्यातून गेल्याचा प्रत्येक प्रसंग तिच्यात लिहिला आहे. तुम्ही टाकलेल्या टायमिंग बेल्टलाही आता 73,000 किलोमीटर झाले. तो बदलण्यासाठी दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी नऊला गाडी घेऊन येते. रात्री दारात उभी राहिलेली असेल, म्हणजे इंजिन थंडच मिळेल. येताना धनगरवाड्यावरच्या त्या म्हशीचे तूप आणते आहे. ते मात्र नाकारू नये, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
जिप्सीवाली डॉक्टरताई