भट्टी नाही, म्हणून धूळ नाही?

कॅप्टिव्ह (स्वतःच्या वापरापुरता) वीजप्रकल्प नसलेल्या स्वतंत्र सिमेंट ग्राइंडिंग (दळण) प्रकल्पांना पूर्व पर्यावरण मंजुरीतून वगळण्याच्या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या मसुद्याची (२६ सप्टेंबर २०२५) बातमी वाचली. या सवलतीला माझा विरोध आहे. क्लिंकर (चुनखडी भट्टीत भाजून होणारे खडे, जे दळून सिमेंट बनते) येथे भाजला जात नाही, त्यामुळे कार्बन उत्सर्जन कमी असते, हे मान्य. पण शेजारच्या वस्तीला त्रास धुळीचा होतो आणि ती भट्टीवर अवलंबून नसते.

चिमणीतून बाहेर पडणाऱ्या धुळीसाठी ३० मिलिग्रॅम प्रति घनमीटरची मर्यादा आहे. बॅग फिल्टर (धूळ अडवणाऱ्या कापडी पिशव्यांची गाळणी) नीट असेल तर ती पाळता येते. खरी धूळ उडते ती क्लिंकर उतरवताना, पट्ट्यावरून पट्ट्यावर माल पडताना, फ्लाय अ‍ॅशचा (सिमेंटमध्ये मिसळायच्या कोळशाच्या राखेचा) सायलो म्हणजे साठवण टाकी भरताना. ही धूळ चिमणीवरच्या मापकात येतच नाही. फाटलेली बॅग वेळेत बदलली नाही तर चिमणीचेही काही खरे नाही.

त्यात वाहतूक. वर्षाला दहा लाख टन क्षमता म्हणजे रोज सुमारे तीन हजार टन सिमेंट. सगळे रस्त्याने गेले तर तीस टनी शंभर ट्रक, तितक्याच परतफेऱ्या. कच्चा माल वेगळाच. पूर्व मंजुरी घ्यायची असेल तर हा हिशेब पर्यावरणीय आघात मूल्यांकनात मांडावा लागतो आणि जनसुनावणीत त्यावर प्रश्न विचारता येतात. कल्याणजवळच्या मोहने येथील प्रस्तावित प्रकल्पाबाबत रहिवाशांना ती संधी मिळाली. पूर्व मंजुरीची अट गेली तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र उरते आणि त्यासाठी जनसुनावणी लागत नाही.

सूट द्यायचीच असेल, तर वस्तीपासूनचे किमान अंतर, झाकलेले क्लिंकर गोदाम आणि मालाची रेल्वेने ने-आण या अटी अधिसूचनेतच घालाव्यात.

– एक वाचक, कल्याण