मामा, गाडी आता हक्काची झाली

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही पैशाला हात लावला नाही, शाल-नारळही नको म्हणालात. मग आभार चारचौघांतच मानायचे ठरवले.

औशाला माझ्या गॅरेजच्या मागच्या आवारात दिवंगत डॉक्टरसाहेबांची प्रीमिअर पद्मिनी कित्येक वर्षं उभी होती. चाकं मातीत रुतलेली, बॉनेटवर बाभळीच्या शेंगांचा थर. जागामालक म्हणाले, "भंगारात घाल, नाहीतर तूच ठेव." ऐकणाऱ्याला वाटावं, गाडी मिळाली. तुम्ही मात्र पहिल्याच भेटीत सांगितलंत, "लेकरा, अंगण त्यांचं आहे, गाडी त्यांची नाही. जी त्यांची नाही ती ते देणार कशी? आधी कागद, मग पाना."

लातूरच्या आरटीओत उभी हयात गेलेल्या माणसाचं ते बोलणं होतं. गावात सल्ले देणारे कमी नव्हते. पोलिसांना कळव, बेवारस म्हणून जाहीर होईल, मग लिलावात घे, असंही कुणी सुचवलं. तुम्ही शांतपणे समजावलंत की तो रस्ता मालकाचा पत्ताच लागत नाही अशा मालासाठी आहे. न्यायदंडाधिकारी जाहीरनामा काढतात, हक्क सांगायला सहा महिने देतात, कुणी आलं नाही तर विक्री होते, आणि लिलावात घेणाऱ्याला गाडी नावावर करायला आरटीओचा नमुना ३२ भरावा लागतो. "पण इथं घरचे हयात आहेत. गाडी बेवारस कशी?" या एका प्रश्नाने पुढचं सगळं सरळ झालं.

त्या दुपारी तुम्ही स्वतः बॉनेटखाली वाकलात. रॉकेलच्या बोळ्याने गंज पुसला, पातळ कागद दाबून धरला आणि आडवी पेन्सिल हलक्या हाताने फिरवली. चॅसिस नंबरचा एकेक आकडा कागदावर उमटत गेला. तो जुन्या रजिस्टरमधल्या नोंदीशी जुळल्यावरच तुम्ही गाडीबद्दल पुढे बोललात. चोरीच्या वाहनांच्या यादीत नंबर नाही, याचीही खात्री करून घेतलीत.

नोंदीत कर्जाचा बोजा दिसत होता, स्टेट बँक ऑफ हैदराबादचा. ती बँक १ एप्रिल २०१७ पासून स्टेट बँकेत विलीन झालेली. तुम्हीच अर्जाचा मसुदा लिहून दिलात. कर्ज फिटल्याचं पत्र मिळालं, बोजा उतरवायच्या नमुना ३५ वर शिक्का बसला.

पण मामा, सगळ्यात मोठे उपकार नांदेडचे. लेकीकडे राहणाऱ्या काकूंसमोर, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीसमोर, मी एकटा गेलो असतो तर अनोळखी मेकॅनिक म्हणूनच गेलो असतो. तुम्ही सोबत आलात, चहा घेतलात, आधी डॉक्टरांची आठवण काढलीत. १९९३ च्या अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा डॉक्टर याच गाडीत सलाईनची खोकी भरून निघाले होते, हे काकूंनी सांगितलं तेव्हा खोलीत सगळेच गप्प झाले. मला वाटलं, आता गाडी काही मिळत नाही. आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तर ते रास्तच होतं.

तुम्ही त्यांच्यावर कसलाच दबाव आणला नाहीत. गाडी घरात ठेवायची असेल तर वारस म्हणून नमुना ३१ भरून नावावर करून घ्या, मृत्यूचा दाखला आणि मुलांची संमती लागेल, एवढं सांगितलंत. द्यायची असेल तरी आधी तुमच्या नावावर, मग २९ आणि ३० भरून याच्या. नुसती किल्ली देऊ नका, कारण उद्या अपघात झाला तर कायदा नोंदणीतल्या मालकालाच धरतो, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलंय, हेही बजावलंत. गाडी मला हवी होती, तरी तुम्ही आधी काकूंचं हित पाहिलंत. त्याबद्दल तुमच्याविषयीचा आदर शब्दांत मावत नाही.

काकूंनी किंमत फार कमी सांगितली. रीतसर पावती, दोन्ही मुलांची प्रतिज्ञापत्रं, सगळं तुम्ही ओळ न् ओळ वाचून पाहिलंत. "व्हिंटेज"मध्ये बसते का, हे मी विचारलं होतं. त्याला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते, ही पद्मिनी तर १९९१ ची.

ते कागद फाइलला लागले त्या दिवशी पहिला नट सोडला. इंजिन जाम आहे, पण ब्लॉकला तडा नाही. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा अजून मोकळा फिरतो. पत्रा खालून सडलाय, तो कापून नवा लावतोय. पंधरा वर्षांची नोंदणी केव्हाच संपलेली, त्यामुळे गाडी चालती करून तपासणीला न्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि पाच वर्षांचं नूतनीकरण करून घ्यायचं, हे तुम्ही लिहून दिलेलं पान भिंतीला चिकटवलंय.

तपासणीला लातूरला नेईन तेव्हा आधी फोन करतो. काकूही येणार म्हणाल्यात. त्यांना पुढच्या सीटवर बसवायचंय, तुम्ही मागे बसाल ना?

आपला नम्र,
औशाचा तुमचा भाचा