कॉम्प्युटर लॅबमधल्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळेनं आम्हा अकरावीच्या मुलांना वर्षभर वापरायला लॅपटॉप दिले. त्या दिवशी वाळपईहून घरी जाताना कदंबा बसमध्ये मी ती बॅग मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. आईनं लॅपटॉप आधी देवासमोर ठेवला, हळदकुंकू वाहिलं. मग मी झाकण उघडलं आणि तिथंच अडले. चिठ्ठीवरचा पासवर्ड चार वेळा टाकला, चारही वेळा चूक. दुसऱ्या दिवशी एकांना विचारायला गेले, तर ते वर्गासमोरच म्हणाले, "दिवसभर मोबाइल हातात असतो ना तुमच्या? मग हे कसं येत नाही?" त्यानंतर आठवडाभर मी बॅगेची चेन उघडली नाही.

तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. लॅपटॉप पुढ्यात घेतलात आणि कीबोर्डच्या डाव्या बाजूला पेटलेला बारीक दिवा दाखवलात. कॅप्स लॉक चालू राहिला होता, त्यामुळे सगळी अक्षरं मोठ्या लिपीत उमटत होती. एवढंच! पण तो दिवा तुम्ही विझवला नाहीत, माझ्याकडून विझवून घेतलात.

मग तुम्ही तुमची गोष्ट सांगितलीत. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना कॉम्प्युटर मिळत होते, तसा तो तुमच्याही घरी आला होता. दाखवायला कुणी नव्हतं म्हणून तो कित्येक महिने टेबलक्लॉथखाली झाकून राहिला, आणि पाहुणे आले की तुमचे बाबा तेवढं कापड बाजूला करायचे. "यंत्र मिळालं म्हणजे विद्या मिळाली असं नाही गो," असं म्हणालात तुम्ही. मला वाटतं, त्या झाकलेल्या कॉम्प्युटरमुळेच तुम्ही शाळा सुटल्यावर आमच्यासाठी थांबता. तुमच्या कामात ते बसत नाही, त्याचे पैसेही मिळत नाहीत, हे मला उशिरा कळलं.

त्या दिवसांत तुम्ही जे शिकवलंत ते माझ्या बोटांत बसलंय. 'एफ' आणि 'जे' या कळांवर एकेक बारीक उंचवटा असतो, तर्जन्या तिथं टेकवल्या की खाली न बघता बाकीची बोटं आपापल्या जागा शोधतात. टचपॅडवर दोन बोटं फिरवली की पान सरकतं. लॅपटॉप गादीवर ठेवायचा नाही, खालची जाळी बुजते आणि पंख्याला हवा मिळत नाही. आमच्या सत्तरी तालुक्यात गडगडायला लागलं की चार्जर प्लगमधून काढायचा, लॅपटॉप बॅटरीवर चालू दे.

पण ताई, मला खरे आभार मानायचे आहेत ते चतुर्थीच्या आधीच्या त्या दुपारसाठी.

मराठीच्या प्रकल्पासाठी मी माटोळीवर, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-वेली बांधून सजवतात त्या चौकटीवर, लिहीत होते. आजीच्या शेजारी बसून कांगला, कवंडळ, तोरिंग, आंबाडे अशी एकेक नावं विचारून चार पानं झाली होती. बंद करताना एक चौकट आली. मोबाइलवर अशा चौकटी मी न वाचताच घालवते, तशीच हीही घालवली. ती विचारत होती, बदल जपून ठेवायचे का? मी नको म्हणून बसले होते. चारही पानं गेली. लॅबमध्ये येऊन मी रडले, तेव्हा तुम्ही शोधाशोध केलीत, फाइल एकदाही सेव्ह झाली नव्हती, ती मिळाली नाही. मग तुम्ही एका कोऱ्या पानावर दोन ओळी लिहिल्यात, बंद करायची खूण दाबलीत आणि ती चौकट परत आणलीत. "आता मोठ्यानं वाच." मी वाचलं. "अर्थ सांग." सांगितला. "आता दाब." असं तुम्ही माझ्याकडून सहा वेळा करून घेतलंत.

तेव्हापासून कुठलीही चौकट आली की माझा हात आधी थांबतो. कंट्रोल आणि 'एस' तर मी परिच्छेद संपला की दाबतेच, आता विचारही करावा लागत नाही.

दुसऱ्यांदा लिहायला बसले तेव्हा तुम्ही म्हणालात, इंग्रजी अक्षरांतून मराठी कशाला, इन्स्क्रिप्ट ही आपल्या अक्षरांची कळमांडणी शिक. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. 'के'वर क, 'जे'वर र, 'डी'वर पाय मोडायचा. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजीवरून मराठीवर. पहिला दिवस एका परिच्छेदात गेला. 'विज्ञान'मधला ज्ञ कुठं आहे ते सापडेना, तेव्हा तुम्ही सांगितलंत, "शाळेत फोड करायला शिकलीस ना? तशीच कर." ज लिहिला, पाय मोडला, ञ लिहिला, आणि डोळ्यांदेखत ज्ञ झाला! जोडाक्षर कसं बनतं ते मला त्या दिवशी दिसलं. ह्याच जागा कोकणीलाही चालतात आणि क ची कळ कानडीतही तीच, हे ऐकून मी घरी जाऊन बाबांना करून दाखवलं.

हे पत्रही मी इन्स्क्रिप्टमध्येच लिहिलं आहे, खाली न बघता. दोन-तीनदा बघितलं, ते 'ष'साठी.

माटोळीचा प्रकल्प आता नऊ पानांचा झालाय. आजीला मागाहून आणखी फळं आठवली, ती झोपायच्या आधी हाक मारून सांगते आणि मी तेव्हाच उठून लिहिते. एका वेलीचं नाव तिच्या अजून ओठांवर येत नाही, तेवढी जागा मोकळी ठेवली आहे. सोमवारी पेनड्राइव्ह घेऊन येते. प्रिंट काढायच्या आधी तुम्ही एकदा वाचाल ना?

तुमची,
अकरावीतली, खिडकीजवळच्या बाकावरची