शून्य व्होल्टचे शिखर म्हणजे मायोराना नव्हे

महोदय,

‘मायोराना कण सापडला’ असा मथळा दर दोन-चार वर्षांनी वाचायला मिळतो. मुळात तो कण नव्हे. एत्तोरे मायोराना यांनी 1937मध्ये मांडलेला, स्वतःच स्वतःचा प्रतिकण असलेला मूलकण अजून हाती लागलेला नाही. टोपोलॉजिकल अतिसंवाहकात (रोधाशिवाय वीज वाहणारा, टोकांशी खास अवस्था बाळगणारा पदार्थ) शोधतात ते क्वासीपार्टिकल, म्हणजे असंख्य इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित वागण्यातून उमटणारी अवस्था. तिचा अर्धा भाग तारेच्या एका टोकाला, अर्धा दुसऱ्या टोकाला. तारेबाहेर तिला अस्तित्व नाही.

प्रयोगाची मांडणी ऐकायला सोपी आहे. इंडियम अँटिमोनाइडची साधारण 100 नॅनोमीटर जाडीची तार घ्यायची, तिला अतिसंवाहकाचा, बहुधा ॲल्युमिनियमचा, पातळ थर लावायचा, डायल्युशन फ्रिजमध्ये काही दशक मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, थंड करायची आणि तारेच्या लांबीला समांतर चुंबकीय क्षेत्र द्यायचे. क्षेत्र तिरके गेले की अतिसंवाहकतेची ऊर्जाफट, म्हणजे ती अवस्था टिकवणारे ऊर्जेतले अंतर, मिटू लागते. मुक्त इलेक्ट्रॉनाचा जी-गुणक (चुंबकीय क्षेत्राला मिळणाऱ्या प्रतिसादाचे माप) 2. या पदार्थात तो 50च्या घरात, त्यामुळे अतिसंवाहक टिकेल इतक्या क्षेत्रातच काम भागते. मग गेटचा, म्हणजे तारेजवळच्या नियंत्रक विद्युताग्राचा, विद्युतदाब बदलत टोकातून प्रवाह मोजायचा. मायोराना असेल तर टोकावरचा दाब शून्य व्होल्ट असताना वाहकतेच्या आलेखात शिखर दिसते आणि आदर्श स्थितीत त्याची उंची 12.9 किलोओहम रोधाशी जुळणाऱ्या वाहकतेएवढी भरते.

नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या संशोधक-गटाला 2012मध्ये असे शिखर दिसले, पण उंची फारच कमी होती. खरी अडचण वेगळीच आहे. तार आणि धातूचे अग्र यांच्यामध्ये, कोणी मुद्दाम न बनवताही, गेटच्या कडेला छोटा क्वांटम डॉट, म्हणजे इलेक्ट्रॉन अडकून पडतील असा इवलासा कप्पा, तयार होतो. त्यात अडकलेल्या आंद्रेयेव्ह अवस्था (अतिसंवाहकाच्या कडेशी बनणाऱ्या, मायोराना नसलेल्या साध्या अवस्था) हुबेहूब तसेच शिखर देतात. गेट थोडे फिरवले की उंचीसुद्धा जुळते! असे शिखर दाखवणाऱ्या 2018च्या ‘नेचर’मधील निबंधाचे हेच झाले: काही मोजण्या आलेखातून वगळल्या होत्या, पूर्ण आकडे मांडल्यावर शिखर अपेक्षित पातळीवर न थांबता ती ओलांडून जात होते. 2021मध्ये निबंध मागे घेतला गेला.

म्हणून बातमी देताना विचारावे: शिखर तारेच्या दोन्ही टोकांना, त्याच क्षेत्राला आणि त्याच गेट-दाबाला दिसले का? एका टोकाकडून दुसरीकडे मोजताना ऊर्जाफट मिटून पुन्हा उघडली का? आणि आलेखात नसलेले आकडे कुठे आहेत? तिसरा प्रश्न विचारायला भौतिकी यावी लागत नाही.

फेब्रुवारी 2025मध्ये मायक्रोसॉफ्टने क्वांटम संगणकासाठीची ‘मायोराना 1’ चिप जाहीर केली. सोबतच्या निबंधात इंडियम आर्सेनाइड-ॲल्युमिनियमच्या तारेतील इलेक्ट्रॉनसंख्या सम की विषम, हे एकाच मोजणीत सुमारे 1 टक्का चुकीने ओळखल्याचे दाखवले आहे. मोजणी उत्तमच. मात्र हे निकाल मायोराना अवस्थांचा पुरावा ठरत नाहीत, अशी संपादकांची टीप त्याच निबंधाच्या परीक्षण-दस्तऐवजात (तज्ज्ञ-तपासणीच्या नोंदीत) आहे. बहुतेक बातम्यांत ती आलीच नाही.

– घनपदार्थ भौतिकीचा एक अभ्यासक