जावईबापूंच्या वजनाविषयी

चि. सौ. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जावईबापूंच्या वजनाबद्दल बोललीस. तुझी काळजी रास्त आहे. पण ‘किती सुटलात तुम्ही’ हे पुन्हा त्यांच्यासमोर काढू नकोस, आणि चषक घेतलेला तो जुना फोटो दाखवून तर मुळीच नाही.

कबड्डीत पुरुष गटाला 85 किलोची मर्यादा असते. काट्यावर जरा जास्त भरलं की खेळाडू बाहेर. स्पर्धेच्या सकाळी दोन-दोन स्वेटर घालून पळणारी, ओठ सुकले तरी पाण्याचा घोट न घेणारी पोरं मी पंच म्हणून कितीदा पाहिली आहेत. जावईबापूही त्यातलेच. संघात राहायचं की नाही, याचा निकाल वर्षानुवर्षं त्या काट्यानं दिला. तोच तू घरात आणून रोज पुढ्यात ठेवलास, तर माणूस मिटून जाईल. नाहीतर जुनी खोड उसळेल: उपाशी राहायचं आणि आठवड्यात चार किलो उतरवायचे. त्यात बहुतेक पाणीच जातं आणि लगेच परत भरतं. हे मात्र करू देऊ नकोस.

सकाळ-संध्याकाळचा सराव सुटला, पण सरावाच्या मापाचं जेवण तसंच राहिलं. त्यात व्यायाम थांबला की स्नायू उतरतात आणि बसल्या जागी होणारा ऊर्जेचा खर्चही घटतो. म्हणून त्यांना आळशी ठरवू नकोस. काट्याऐवजी शिंप्याची टेप घे. आपल्याकडच्या पुरुषांनी कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या आत ठेवावा, असं डॉक्टर सांगतात. साखर, रक्तदाब, थायरॉईड तपासून घ्या, तुझंही. तू म्हणालीस ते जोरात घोरतात; दिवसाही डुलक्या येत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांग.

त्यांच्यासाठी वेगळं पथ्याचं ताट वाढू नकोस. दोघांनी एकच जेवा: कोशिंबीर, उसळ, भाजी भरपूर, भात-पोळी बेताची. अंडी चालू राहू देत.

आणि एकदम सामना खेळायला उतरू देऊ नकोस. कोपऱ्यातून झेप घ्यायची सवय मनात ताजी असते, गुडघा तेवढा तयार नसतो. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढ्यानं सुरुवात पुरे. चालायला तू बरोबर जा. त्या वेळी वजनाचा विषय नको.

मला विचारशील तर वजनापेक्षा मैदान सुटल्याचं त्यांना जास्त लागलं आहे. एवढी वर्षं दहा-बाराजणांत वावरलेला माणूस आता ऑफिसातून थेट सोफ्यावर येतो. आमच्या मंडळात नव्या पोरांना घोटापकड नीट शिकवणारं कुणी नाही. मीच त्यांना विचारतो, तू आधी काही बोलू नकोस. दिवाळीला याल तेव्हा त्यांचे मॅटवरचे बूट तेवढे बॅगेत टाक.

तुझे,
बाबा