एसीचा गॅस न भरणाऱ्या भाऊंना

नमस्कार भाऊ,

तुमचं नाव लिहीत नाही, दुकानाचंही नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही असं वाटतं. पण नागपुरात मानेवाड्याकडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट बंद होती आणि भर दुपारी ती जड बॅग खांद्यावर घेऊन तुम्ही टॉप फ्लोअरपर्यंत चढून आलात, एवढं वाचलं तरी तुम्ही ओळखाल.

तुमच्या आधी जे येऊन गेले त्यांच्याबद्दल थोडं बोलू द्या, पोटात अजून राग आहे. एसी चालून राहिला पण खोली काही थंड होत नव्हती आणि बिल साडेसहा हजारावर गेलेलं, तेही नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, लागायच्या आधी. पहिला माणूस कंपनीचा शर्ट घालून आला, फोन कानाला लावलेलाच, एसीसमोर एकदा हात धरला आणि म्हणाला गॅस उडाला मॅडम. मीटर नाही लावला, पाइप नाही तपासला, गॅस भरल्याचे पैसे घेतले आणि गेला. थोडे दिवस बरं वाटलं की वाटल्यासारखं झालं, देव जाणे, मग पुन्हा तेच. दुसरा तर त्याच्याही वरचा, म्हणे वरच्या मजल्याला दीड टन पुरतच नाही, दोन टनाचा घ्या, जुना आम्ही उचलून नेतो. फिल्टर उघडून बघायचे कष्ट दोघांपैकी एकानेही घेतले नाहीत. आणि दोघंही बोलले ते फक्त आमच्या ह्यांच्याशी, मी आणि सासूबाई समोर उभ्या असताना.

या सगळ्यात घरात एकच गोष्ट झाली, सगळ्यांचा रोख आईंवर, म्हणजे सासूबाईंवर, गेला. कारण दिवसभर घरी त्याच असतात. बिल आलं की कोणीतरी बोलणारच, आई तुम्ही एसी लावून झोपता ना दुपारी. मग आईंनी एसी लावणंच सोडलं. हॉलमध्ये डोक्यावर ओला पंचा ठेवून बसायच्या, बीपीची गोळी चालू असताना. विचारलं तर म्हणायच्या, मला काही होत नाही बाई, 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 वर गेला होता तेव्हा कुठे होता आपल्याकडे एसी. खरं आहे, कूलरवरच काढला होता तो उन्हाळा. पण तेव्हा त्यांचं वय वेगळं होतं आणि आपलं घर खालच्या मजल्यावर होतं.

तर तुम्ही आलात. मला वाटलं आता तुम्ही पण एसीसमोर हात धराल. तुम्ही आधी बाल्कनीत गेलात आणि एसीच्या पाण्याची बादली बघत बसलात. बादली जवळजवळ भरलेली. तुम्ही म्हणालात, "काकू, मे महिन्यात नागपुरात एवढं पाणी कुठून येऊन राहिलं? हवा तर कोरडी ठाक आहे." मला कळेचना काय बोलावं. मग विचारलंत, कूलर कुठे चालतो? हॉलमध्ये, रात्रभर, मुलं तिथे झोपतात म्हणून, आणि बेडरूमचं दार अर्धं उघडं, कारण आईंना रात्री उठावं लागतं. झालं. कूलर हवेत ओलावा सोडून राहिला आणि आमचा एसी बिचारा रात्रभर तोच ओलावा पिळून बादलीत टाकून राहिला, खोली थंड करायला त्याला सवड कुठे. एवढी साधी गोष्ट, इंजिनिअर आहेत घरात दोन, कोणाच्या डोक्यात आली नाही. कूलर वाईट नाही म्हणालात, उलट आपल्या कोरड्या उन्हाळ्यात दिवसा कूलरसारखं स्वस्त काही नाही, फक्त एका वेळी एक, आणि एसी लावला की दार बंद, खालच्या फटीला जुनी चादर गुंडाळून.

गॅसचं विचारलं तर तुम्ही मीटर लावून मला काटा दाखवलात, बरोबर होता. "गॅस काही पेट्रोल नाही ना काकू जळून संपाले. बंद पाइपात फिरते ते. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळून राहिला, आधी ते शोधायचं." हे वाक्य मी तेव्हापासून किती जणांना ऐकवलं असेल.

बाकीचं भराभर सांगते, कारण वाचणाऱ्यांना उपयोग होईल. फिल्टर काढलात तर जाळी दिसतच नव्हती, नुसती धूळ, तो नळाखाली धुऊन सावलीत वाळवायचा, उन्हाळ्यात दर पंधरवड्याला. बाहेरच्या युनिटवर ऊन लागू नये म्हणून आमच्या ह्यांनी चारी बाजूंनी खोके बांधले होते, ते तुम्ही हसत हसत सोडवलेत, सावली वरून द्या पण गरम हवा बाहेर पडायला जागा ठेवा म्हणालात. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा होता, त्याऐवजी काचेच्या बाहेरून हिरवी जाळी लावायला सांगितलीत, ती सिग्नलवर मनपा लावते ना उन्हाळ्यात, तशीच. काच तापली की आतला पडदा काय करणार. आणि 18 चं वेड सोडा, 26 वर ठेवा आणि पंखा लावा. 18 केलं म्हणून खोली लवकर थंड होत नाही, एसी फक्त थांबायचं नाव घेत नाही. मुलीने नंतर नेटवर शोधून सांगितलं की एक डिग्री वाढवली की साधारण 6 टक्के वीज वाचते असं सरकारी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच म्हणतो, आणि 2020 पासूनचे नवीन एसी सुरू होतानाच 24 वर सुरू होतात. आमचाही होत होता, आम्हीच खाली ओढत होतो रोज.

पण भाऊ, हे पत्र यातल्या कशासाठीही नाही. हे कोणीतरी कधीतरी सांगितलं असतं.

तुम्ही निघताना रिमोट हातात घेतलात आणि मला वाटलं मला किंवा ह्यांना द्याल. तुम्ही गेलात सरळ आईंकडे. त्यांच्या दिवाणासमोर खाली फरशीवर मांडी घालून बसलात, घामाने शर्ट भिजलेला, आणि म्हणालात, आजी दिवसभर तुम्ही राहता घरी, तर तुम्हाला यायला पाहिजे हे. आई म्हणाल्या मला बटणं दिसत नाहीत रे बाबा, चष्मा लावला तरी सारखीच वाटतात. तुम्ही इकडे तिकडे बघितलंत, आरशावर मी चिकटवून ठेवलेल्या टिकल्या दिसल्या तुम्हाला, मला विचारलंत एक घेऊ का, आणि मखमली मरून टिकली काढून स्लीपच्या बटणावर लावलीत. मग आईंचा अंगठा धरून त्यावर फिरवलात, "लागली हाताला? अंधारात पण लागेल. हे एकदा दाबायचं आणि झोपायचं, बाकी तो पाहून घेते." आणि वर आमच्याकडे बघून म्हणालात, दुपारी दोन तास 26 वर लावला आजींनी तर काही बिल फाटत नाही, बिल त्या दारानं वाढवलं.

आईंच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. सहा महिन्यांत त्यांच्याकडे बघून कोणी सरळ बोललं नव्हतं हो, त्यांच्या डोक्यावरून बोलत होते सगळे. दवाखान्यात पण बघा ना, पेशंट म्हातारा असला की डॉक्टर विचारतात मुलाला, बँकेतही तेच. म्हातारं माणूस समोर बसलेलं असतं आणि आपण त्याच्याबद्दल असं बोलतो जसं ते तिथे नाहीच. आणि तुम्ही, ज्यांना पुढच्या घरी जायची घाई होती, फोन तीनदा वाजला होता, तुम्ही खाली बसलात. उन्हाळ्यात दारापुढे माठ भरून ठेवणारी माणसं अजून आहेत आपल्या नागपुरात, मला तुम्ही त्यांच्यातले वाटलात. पैसे फक्त सर्व्हिसिंगचे घेतलेत, दोन टनाचा एसी विकायची संधी समोर असताना.

पुढचं बिल साडेचार हजारांच्या आत आलं, उन्हाळा तोच, माणसं तीच. 500 युनिटच्या वरचा महागडा स्लॅब टळला हे मुख्य. ह्यांनी बिल आईंच्या हातात नेऊन दिलं, काही बोलले नाहीत, पण दिलं. आई आता दुपारी दार लावून झोपतात आणि कोणी उघडं ठेवलं तर ओरडतात, मुलांना कूलर आणि ओलाव्याचं लेक्चर देतात, तुमच्याच शब्दांत.

एक काम होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना काल कोणीतरी येऊन सांगून गेलंय, गॅस उडाला म्हणून. मी त्यांना पैसे देऊ नका म्हटलंय. या आठवड्यात जमेल का तुम्हाला? लिफ्ट सुरू झालीय.